काहून न विचारणारे मास्तर

भुजंगराव हे नाव ऐकून नव्या पोरांना धडकी भरायची, आणि माणूस वर्गात आला की त्यांना हसू आवरायचं नाही. उंच, वाळलेला देह, मान किंचित पुढे काढलेली. सरकारी नियमाप्रमाणे अंगात शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि तिच्याखाली धोतर. ती शेरवानी कुणाच्या मापानं शिवली होती देव जाणे, दोन्ही बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपायच्या. खिशात कायम फुटाणे. ते पोरांसाठी असतात असा गावात समज होता. प्रत्यक्षात ते स्वतःच खात, आणि एखाद्या पोरानं मागितलेच तर जरा नाराजीनं देत.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी मी हिंगोलीच्या शाळेत भूगोल शिकवायला लागलो. भुजंगराव तिथे गणित शिकवत. शाळा सरकारी, म्हणजे निजाम सरकारची. चौथीपर्यंत सगळं मराठीत चाले आणि पाचवीपासून सगळं उर्दूत. घरात मराठी, शेतात मराठी, बाजारात मराठी-हिंदीची मिसळ, आणि पाचवीच्या दारात पाऊल टाकलं की फळ्यावर एकदम मुसल्लस आणि जाविया. मुसल्लस म्हणजे त्रिकोण आणि जाविया म्हणजे कोन, हे पोराला कळेपर्यंत दिवाळी यायची आणि दिवाळीला घरी गेलेलं पोरगं परत यायचं नाही. कुणी गुरांमागे जाई, कुणी जिनिंगवर कापूस ओढायला लागे, कुणी नुसतंच पारावर बसून मोठं होई. वर्ग हलका झाला की शिकवणं सोपं जातं, हे आम्हा सगळ्या मास्तरांना ठाऊक होतं. भुजंगरावांना तेवढं मात्र कळत नसे.

त्यांची हजेरी हा शाळेत थट्टेचा विषय होता. सरकारी हजेरी ते नेमानं घेत. जी पोरं बरेच दिवस येत नसत त्यांची नावं नियमाप्रमाणे कमी केली जात, त्याबद्दल त्यांनी कधी वाद घातला नाही. पण ती हजेरी संपली की पुस्तक मिटून, डोळेही मिटून, ते दुसरी हजेरी सुरू करत. ही तोंडी. शाळा सोडून गेलेल्या पोरांची.

"किसन मारोती!"

मागच्या रांगेतून कुणीतरी उठे. "गुरं राखून राहिला, जनाब."

"नामदेव!"

"जिनिंगवर हाय, जनाब."

"सखाराम!"

"त्याचं लगीन झालं, जनाब."

"मंग? लगीन झालं म्हून हरवला का त्यो? कुठं हाय ते सांग."

वर्ग खो खो हसे. एखाद्या पोराची खबर कुणालाच ठाऊक नसली तर त्याच्या शेजारच्या गावच्या पोरानं ती काढून आणायची, हा गृहपाठ. गणितं न सोडवता आलेल्या पोराला भुजंगराव माफ करत. ही खबर न आणता आलेल्याला करत नसत.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. हैदराबादकडचे, अतिशय टापटिपीचे. ते वर्गात येऊन मागे उभे राहिले, आणि भुजंगराव सवयीप्रमाणे दुसऱ्या हजेरीवर घसरले. मी शेजारच्या वर्गातून ऐकत होतो. साहेबांनी हजेरीपुस्तक मागवलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि विचारलं, "ये किसन कौन है?"

"गया सो लडका है, साब."

"गया तो पुकारते क्यों हो?"

भुजंगरावांची उर्दू गणितापुरती पक्की होती. बोलायला लागले की तिचे हाल होत. ते म्हणाले, "साब, कागदसे गया. गावसे नहीं गया."

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. साहेब भुजंगरावांच्या त्या आखूड बाह्यांकडे बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "तो फिर ले आओ उसको," आणि पुढच्या वर्गात गेले. बोलता बोलता टाकलेल्या त्या वाक्याचा भुजंगरावांनी सरकारी हुकूम करून टाकला. शुक्रवारी आम्हाला सुट्टी असायची. तेव्हापासून गुरुवारी दुपार कलली की ते छत्री घेऊन निघत, आणि हेडमास्तरांनी डोळे वटारले की "साहेबांचा हुकूम हाय" म्हणत. हेडमास्तर काय बोलणार?

मलाही ओढायचे. "जोशी, चला, पाय मोकळे होतील." माझे पाय चांगले मोकळे होते आणि सुट्टीच्या दिवशी ते लांब करून पडण्याचा माझा बेत असायचा. पण या माणसाला नाही म्हणणं अवघड. ते आग्रह करत नसत. नुसते दारात उभे राहून फुटाणे खात.

किसनचं गाव कनेरगावच्या वाटेवर, सडक सोडून आत. वाटेत मुक्काम करून आम्ही शुक्रवारी सकाळी पोचलो तेव्हा त्याचा बाप मारोती कापूस वेचत होता आणि किसन बांधावर एका म्हशीच्या पाठीवर पालथा पडला होता. मास्तर दिसताच तो उडी मारून पळायच्या बेतात आला. भुजंगरावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेरवानी काढून बोरीवर अडकवली आणि मारोतीच्या शेजारच्या ओळीत कापूस वेचायला लागले.

शेतकऱ्याच्या घरात जन्मून या माणसाला शेतातलं एकही काम धड येत नव्हतं. बोंडाबरोबर पाला ओढत. पांढऱ्या कापसात कचरा भरत. पुढच्या झाडाकडे वळताना मागचं झाड मोडत. मारोती आधी संकोचला, मग कळवळला.

"मास्तर, राहू द्या."

"न्हाई न्हाई. पोरगं तुमाला कामाला लागतं. त्याच्या बदली मी येत जाईन."

आणखी एक फांदी मोडली.

"मास्तर, हात जोडतो! पोरगं उद्या धाडतो. पर तुमी बाहीर या!"

किसन म्हशीवर बसून हसत होता. भुजंगराव घाम पुसत त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "येतूस का उद्या?" तो हसता हसताच हो म्हणून बसला. हे सगळं ते मुद्दाम करत का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुष्कळ दिवसांनी मी विचारलं तेव्हा ते दुखावले. "काय वाईट येचला व्हता का म्या कापूस?"

परत येताना मी म्हणालो होतो, "शाळा का सोडली, एवढं तरी विचारायचं होतं पोराला."

"काहून म्हून इचारू न्हाई, जोशी," ते म्हणाले. "काहून इचारलं की पोरगं घाबरून कायबी सांगतं. पोट दुखतं, माय बिमार हाय. अन् मंग ते सांगितलेलं खरं करत बसतं. शाळा राहते बाजूला. आपुन निस्तं म्हनायचं, उद्या येतूस का."

हा त्यांचा नियमच होता. उशिरा आलेल्या पोराला, भांडून आलेल्या पोराला, रडणाऱ्या पोराला, कुणालाच ते काहून विचारत नसत. त्यांच्या पत्नी गयाबाई, म्हणजे आमच्या वहिनी, वाढताना सांगायच्या, "आमटीत मीठ काहून न्हाई, हे बी इचारत न्हाईत. गुमान खातात. मला जेवाय बसल्यावर कळतं."

किसन आला, आणि महिना भरायच्या आत पुन्हा गुल झाला. मी म्हटलं, झालं, एवढी पायपीट फुकट. भुजंगराव मात्र खुशीत. "आता येईल त्यो खरा. पयल्यांदा माझ्या भिडंनं आला व्हता. एकदा परत आलेलं लेकरू पुन्हा जातंच. तवा आपुन रागावलो की संपलं." ते पुन्हा गेले, पुन्हा तेवढंच विचारून आले. असं पोरगं वर्गात आलं की त्याच्याकडे कुणी वळून बघायचं नाही, अशी आम्हा मास्तरांना त्यांची ताकीद होती. "आले का महाराज" असं मी एकदा थट्टेत म्हणालो, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. "आला तर आला. काल बी व्हता, असं वागा."

सगळ्यांना शाळेतच बसवायचं, असाही त्यांचा हट्ट नव्हता. नामदेव बोलताना अडखळायचा आणि वाचायला उभं केलं की घामानं भिजायचा. त्याला त्यांनी जिनिंगमधल्या फिटर मिस्त्रीच्या हाताखाली लावून दिलं, आणि तिथूनही तो पळाला तेव्हा त्याच्या झोपडीपुढे जाऊन फुटाणे खात बसले. नामदेव पुढे चांगला कारागीर झाला. तोंडी हजेरीत त्याचं नाव आलं आणि पोरं "जिनिंगवर हाय" म्हणाली की भुजंगराव "हाय ना? बराबर," म्हणत आणि पुढच्या नावाकडे वळत.

अशी बरीच वर्षं गेली. मग सत्तेचाळीस साल आलं. इंग्रज गेला, पण आमच्याकडे निजाम राहिलाच. कनेरगावच्या नाक्यापलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र मुलूख, आणि नाक्याच्या अलीकडे आम्ही. इकडे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. मोठ्या वर्गातली पोरं एकेक करून नाका ओलांडून वाशीमकडे जाऊ लागली. निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या तिकडे छावण्या होत्या. किसन तेव्हा आठवीत होता, मिसरूड फुटलेला, अंगानं थोराड. एक दिवस तोही गेला.

दुसऱ्या सकाळी भुजंगरावांनी डोळे मिटून सवयीनं हाक मारली, "किसन मारोती!" बऱ्याच वेळानं एक पोरगं उठलं. "माहीत न्हाई, जनाब."

भुजंगरावांनी डोळे उघडले. साऱ्या वर्गाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. पण हे मोठ्यानं बोललं तर त्या पोराच्या बापाला चावडीवर नेतील, हेही माहीत होतं. ते म्हणाले, "बराबर हाय. मला बी न्हाई माहीत." आणि खडू उचलला. त्या दिवसापासून तोंडी हजेरी बंद झाली. त्याचं त्यांना फार दुःख झालं. सरकारी हजेरी संपली की ते जरा वेळ नुसतेच उभे राहत.

कनेरगावच्या नाक्यावर हबीब जमादार म्हणून एक शिपाई होता. नाका ओलांडणाऱ्यांना अडवायचं, सामान तपासायचं, हे त्याचं काम. त्याचं घर हिंगोलीत, आणि त्याचा एकुलता एक मुलगा युसुफ किसनच्याच वर्गात. किसनपेक्षा लहान, अबोल पोरगा, पण भूमितीत असा की आकृती पुरी व्हायच्या आत उत्तर सांगायचा. भुजंगराव त्याला फुटाणे न मागता देत. एवढ्यावरूनच त्याची योग्यता समजावी.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा आल्या आणि आठवड्याच्या आत निजामाचं राज्य संपलं. गावात गूळ वाटला, पेढे वाटले. मी स्वतः वाटले. मला इतका आनंद आयुष्यात पुन्हा क्वचितच झाला. पण त्याच दिवसांत काही वाईटही घडलं, आणि त्याबद्दल मोठ्यानं कुणी बोलत नसे. हबीब जमादार नाक्यावरून घरी आलाच नाही. कुणी म्हणे पळून गेला, कुणी म्हणे मारला. त्याच्या बायकोच्या दाराशी जाऊन कुणी काहीच सांगितलं नाही.

शाळा पुन्हा उघडली. छावण्यांतली पोरं परत आली, त्यांना हार घातले गेले. पोरं आता आम्हाला जनाब न म्हणता गुरुजी म्हणू लागली. भुजंगराव सुरुवातीला हाकेला ओ देत नसत, त्यांना वाटे दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत. पक्का हुकूम यायच्या आधीच आम्ही उत्साहानं वाशीमहून मराठी पुस्तकं मागवली आणि मराठीतून शिकवायला लागलो. आणि मग एक फजिती झाली. मराठी पोरांना मराठी भूमिती कळेना! ज्यांनी एवढी वर्षं घाम गाळून मुसल्लस पाठ केला होता, ती पोरं समभुज त्रिकोण म्हटलं की तोंडाकडे बघत. आम्ही मास्तरही त्यांच्यातलेच. भूगोलाच्या तासाला मराठी शब्द शोधता शोधता माझीच दमछाक व्हायची.

किसनची तर वेगळीच तऱ्हा. तो शाळेत आलाच नाही. हिंगोलीच्या पारावर बसून तो छावणीच्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक फार रंगायची. नाक्यावर हबीब जमादारानं धरलं, सगळ्यांसमोर कानाखाली काढली, अजून कान वाजतो, तरी मी नाका ओलांडलाच. दर वेळी ती थप्पड जरा मोठी होई. त्याचा बाप मारोती भुजंगरावांकडे येऊन म्हणाला, "मास्तर, ह्यानं सराज्य आनलं म्हंते. आनलं असंल. पर आता वखर बी धरत न्हाई अन् पुस्तक बी. लेकराचं काय करू?"

भुजंगरावांनी तोंडी हजेरी पुन्हा सुरू केली. पहिल्या दिवशी त्यांनी पहिलं नाव पुकारलं ते युसुफचं. वर्गात चुळबुळ झाली.

"जमादाराचा? त्याचं काय काम हाय, गुरुजी?"

"काम न्हाई इचारलं म्या. कुठं हाय ते इचारलं."

"घरातच हाय. माय बाहीर सोडत न्हाई."

त्याच दुपारी आम्ही गेलो. युसुफची आई दाराच्या आडून बोलत होती. युसुफ तिच्या मागे उभा होता, बराच उतरलेला. भुजंगराव म्हणाले, "कल आता क्या रे, युसुफ?"

उत्तर आईनं दिलं. "मास्टरसाब, आप भले आदमी है. पन मेरे कने अब येइच एक है. रस्ते में कुछ हुआ तो मैं किसकू पूछूं? इसके बाप का पूछ पूछ के थक गई. कोई बोलताइच नहीं."

इथे भुजंगरावांना मोडायला कापसाचं झाडही नव्हतं. ते म्हणाले, "मैं लेने कू आता. छोडने कू बी आता."

आणि ते खरंच जाऊ लागले. रोज सकाळी त्या दाराशी, रोज दुपारी परत त्या दाराशी. पेठेतून जाताना लोक बघत. कुणी ऐकू जाईल असं बोलतही. मी त्यांना एकदा म्हणालो, "जरा जपून. दिवस बरे नाहीत." ते म्हणाले, "म्हूनच तर जाऊन राहिलो." युसुफ वर्गात यायचा, खिडकीजवळ बसायचा. त्याच्या शेजारची जागा रिकामी राही. त्याला मराठी बोलता येई पण मराठी अक्षर वाचता येत नसे. भूमितीचा तो हुशार पोरगा पुस्तक उघडून नुसता आकृत्यांकडे बघत बसे. असं किती दिवस चालणार होतं? पुन्हा घरात बसला तर तो कायमचाच बसेल, हे आम्हाला दोघांनाही दिसत होतं.

मग भुजंगराव पारावर गेले. किसनला म्हणाले, "भूमितीचं नवं पुस्तक आलंय. मला समजून न्हाई राहिलं. उद्या येतूस का?" किसन आला. वर्गात बसताना त्याचे गुडघे बाकाला अडत होते. भुजंगरावांनी पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्यानं घडाघडा वाचलं आणि एक अक्षर कळलं नाही.

"ते तू युसुफजवळ बसून वाच," भुजंगराव म्हणाले. "वाचायचं तू. आकृती त्यो सांगंल."

किसन उभा राहिला. "जमादाराच्या पोराजवळ मी बसत न्हाई." आणि पुस्तक ठेवून निघून गेला.

युसुफनं मान वर केली नाही. भुजंगरावांनी तास पुरा केला, पण फळ्यावरची रेघ काही केल्या सरळ येईना. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चुकलं माझं, जोशी. घाई झाली. एका पोराला आनायला गेलो अन् दोगंबी घालवले." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

दोनेक दिवसांनी त्यांना हिवतापानं गाठलं. मी सकाळी भेटायला गेलो तर गोधड्यांच्या ढिगाखालून आवाज आला, "युसुफला आनायचं हाय. तुमी जा." मी गेलो. युसुफच्या आईनं दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिलं.

"मास्टरसाब?"

"उनकू बुखार है. मैं ले जाता."

"फिर नक्को," ती म्हणाली आणि दार लागलं. मी गावात बरा माणूस म्हणून ओळखला जातो, असं मला आजवर वाटत होतं.

शाळा सुटल्यावर परत जाऊन भुजंगरावांना सांगितलं. तेव्हा मारोती तिथे होता, दुखण्याची बातमी ऐकून खेड्याहून आलेला, आणि त्याच्याबरोबर किसनही. तो उंबऱ्याशी बसला होता, जमिनीवर काडीनं रेघा मारत. त्याच्यासमोरच मी सगळं बोललो. भुजंगराव त्याला काहीच म्हणाले नाहीत, त्याच्याकडे वळलेही नाहीत. ते एवढंच म्हणाले, "बाईची काय चूक? तिला कुनी कायबी सांगंना. कुनावर भरवसा ठेवावा तिनं?" मग ताप चढला आणि ते झोपेत गेले. किसन उठून बाहेर गेला. बाप हाका मारत होता तरी थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, आपण पुन्हा एकदा जाऊन पाहावं. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि थांबलो. युसुफच्या दारापुढे किसन उभा होता. टोपी काढून हातात धरलेली. दार अर्धं उघडं, त्यात युसुफची आई, तिच्या मागे युसुफ.

"तू कौन?" ती विचारत होती.

"किसन. युसुफच्या वर्गातला." मग तो घाईघाईनं बोलायला लागला, थांबला तर बोलता येणार नाही असा. "मला नाक्यावर जमादारसाबनं धरलं व्हतं. मारलं मला. कानाखाली मारलं. संगं मोठा साहेब व्हता, त्याच्यासमोर मारलं. मंग त्यो साहेब आत गेला. तवा जमादारसाब म्हनले, भाग. पीछे देखू नक्को. मला सोडलं त्यायनी. म्हून मी गेलो पलीकडं."

पारावर ही गोष्ट मी कितीदा तरी ऐकली होती. ती तिथे थपडेपाशीच संपायची.

बाईनं दाराची फळी घट्ट धरली. "और कुछ बोले?"

किसन आठवू लागला. "व्हय. कितवीत हायेस म्हनले. म्या म्हनलो आठवीत, हिंगोलीच्या शाळंत. तर म्हनले, मेरा बी बच्चा है उसमें."

तिनं ओढणीचा शेव तोंडावर दाबला. नवरा गेल्यापासून त्याच्याबद्दल तिला कुणी सांगितलेला हा पहिला शब्द होता, आणि तो त्याचाच होता. ती उभ्या उभ्या रडत राहिली. युसुफही रडत होता. किसनला कुठे बघावं कळत नव्हतं, तो टोपी चुरगाळत उभा राहिला. रडणं ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "येतो का युसुफ?"

ती आत गेली, युसुफची पुस्तकं आणून त्याच्या हातात दिली आणि दारातून बाजूला झाली. दोघं निघाले. माझ्यासमोरून गेले तरी त्यांना मी दिसलो नाही.

हे सांगायला मी भुजंगरावांच्या घराकडे धावतच निघालो, तर ते मला पेठेच्या कोपऱ्यावरच भेटले. शेरवानीवर घोंगडं गुंडाळलेलं, डोळे लाल, अंग थरथरतंय. वहिनींचा डोळा चुकवून युसुफला आणायला निघाले होते. मी रागावलो, आणि रागावता रागावताच सगळं सांगून टाकलं. किसन काय बोलला, बाई काय बोलली, जमादार काय म्हणाला होता. ते ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही.

समोर सडकेवरून दोघं चालले होते. दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती. शाळेच्या फाटकाशी किसन थांबला, त्यानं युसुफला पुढे जाऊ दिलं, आणि मग तो आत गेला.

त्याच महिन्यात माझी कळमनुरीला बदली झाली, आणि नंतर भुजंगरावांच्या वाट्याला किती दिवस आले, कशी पोरं आली, ते मला लोकांकडूनच कळत राहिलं. मला आठवतात ते त्या कोपऱ्यावरचे भुजंगराव. अंगात एवढा ताप, घोंगड्याचं एक टोक धुळीत लोळतंय, आणि नजर त्या रिकाम्या फाटकावर.

"गेले ते आत," मी म्हणालो. "चला आता घरी."

"व्हय, गेले," ते म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.